एक्स्पोर्ट सरप्लस विंडोज

नाही, पण मला एक सांगा, शर्टाची एक बाही बोटभर लांब निघाली तर माणूस काय करतो? दुमडतो! दोन्ही बाह्या दुमडतो आणि ऐटीत ऑफिसला जातो. कुणाला कळतं का? नाही कळत! या बेंगळुरात आल्यापासून मी एक्स्पोर्ट सरप्लसच्या दुकानातलेच शर्ट घालतोय... परदेशात पाठवायला शिवलेले, पण कुठं काज हुकलं, कुठं बाही लांबली, म्हणून इथंच राहिलेले... चौथाई किमतीत, आणि माल ओरिजिनल, हं! कॉलरच्या आत लेबल कुठल्या भाषेत आहे ते कोण बघायला जातो? मानेला काय वाचता येतं? मग त्याच हिशेबानं मी कंप्युटरची विंडोज घेतली, तर माझं चुकलं काय? पण घरात माझं ऐकून घेणार कोण!

आणि तुम्हाला सांगतो, हे सगळं केलं ते आईसाठी. आमची आई कराडची. जन्मभर प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग, अर्ध्या कराडला तिनं 'ग म भ न' गिरवायला लावलंय, बाजारात गेली की भाजीवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळे 'बाई, नमस्कार!' वडील गेल्यावर तिला मी इकडे मल्लेश्वरमला आणली, आणि पहिल्याच आठवड्यात ती बसस्टॉपवर रडली हो! माझी आई! शाळा तपासणीला आलेल्या साहेबाला घाम फोडणारी बाई! म्हणाली, "उमाकांत, आयुष्यभर लोकांना वाचायला शिकवलं आणि इथं मला बसची पाटी लागत नाही. दुधाच्या पिशवीवर काय लिहिलंय कळत नाही. अडाणी झाले रे मी इथं येऊन. दिवाळी झाली की मला कराडच्या गाडीत बसवून दे." म्हटलं, अगं नंबर बघ ना बसचा! तर म्हणाली, "नंबर जाताना तोच आणि येताना तोच. गाडी जातेय का येतेय ते पाटीवरच असतं ना?" बरोबरच होतं तिचं! पण कराडला त्या दोन खोल्यांत ती एकटी कुणाशी बोलणार, दुखलं-खुपलं तर सांगणार कुणाला? नाही, आईला जाऊ द्यायचं नव्हतं मला. काय वाट्टेल ते करून तिला इथं गुंतवायची होती.

तर म्हटलं, कंप्युटर! सत्त्याण्णव साल आहे, घरात कंप्युटर असला म्हणजे माणसाचा वेळ कसा जातो ते कळत नाही. आई पत्रं लिहील, आठवणी लिहील, रमेल. आमचा ऑफिसातला त्रिविक्रम, हा माणूस जगातली कुठलीही वस्तू निम्म्या किमतीत कुठं मिळते हे जाणतो, तो म्हणाला, "कंपनीचा कशाला घेतोस? पार्ट घे, जोड!" झालं! एस. पी. रोडच्या गल्लीत आम्ही दोघं शनिवार-शनिवार हिंडलो, एका दुकानात मदरबोर्ड, दुसऱ्यात हार्ड डिस्क, तिसऱ्यात डबा, आणि मॉनिटर मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो तर रिक्षावाला वळून विचारतो, "टीव्हीना सार? वन अँड हाफ कोडी!" मांडीवर माझ्या, आणि दीडपट याला!

जोडला. सगळं बसवून वर मूठभर स्क्रू उरले, त्रिविक्रम म्हणाला उरतातच. डब्याचं झाकण एका बाजूनं बसेना, ते मी शिवणाच्या मशीनच्या पट्ट्यानं बांधलं. आमची भार्गवी, म्हणजे सौभाग्यवती, कमरेवर हात ठेवून, "अहो, दात कोरून पोट भरतं का? एवढं केलंत तर सरळ चांगला घ्यायचा!" दुर्लक्ष केलं. कारण आता फक्त विंडोज राहिली होती, आणि ऑफिसात सगळे म्हणत होते, अरे कुणाची तरी सीडी आण आणि घाल! नाही! मी मास्तरणीचा मुलगा आहे, कॉपी करणार नाही! ओरिजिनलच घेणार! फक्त... स्वस्तात.

आणि मिळाली हो! एस. पी. रोडच्या टोकाला जिन्याखाली एक दुकान, दुकान कसलं, कपाट. आत एक गृहस्थ पान चघळत बसलेले. मी म्हटलं, विंडोज, ओरिजिनल, पण परवडेल अशी. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, खालून एक जाड खोका काढला आणि आवाज बारीक करून म्हणाले, "सर, एक्स्पोर्ट सरप्लस!" अहो, माझ्या अंगावर काटा आला! शर्टात आहे, चादरीत आहे, मग विंडोजमध्ये का नसावं? खोक्यावर ठसठशीत 'विंडोज', चमचमणारं लेबल, वर सीलबंद प्लास्टिक. म्हटलं, उघडून बघू? तर म्हणाले, "सील तोडा तो रिटर्न नहीं." आता शर्टाचंही तसंच असतं, त्यामुळं मला उलट विश्वासच वाटला. नावाखाली बारीक गोलगोल काहीतरी होतं... नक्षी! मला काय वाटलं, डिझाइन आहे!

रविवारी सकाळी अंघोळ करून, आईच्या हातानं कंप्युटरला हळदकुंकू वाहून, सीडी घातली. घरघर घरघर... आणि पडद्यावर तीच नक्षी! मोठी! गोल गाठी, शेपट्या, आकडे, डोक्यावर टिकल्या! मी मॉनिटरच्या डोक्यात एक चापट मारली. नक्षी तशीच. वायर हलवली. तशीच. भार्गवी म्हणाली, "अहो, ही अक्षरं आहेत."

कसली अक्षरं? आई लांबून म्हणाली, "कन्नड!" आणि कपाळाला हात लावून खालीच बसली. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! बाहेर वाचता येत नव्हतं, आता घरातही नको का?" तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या गंगव्वा आल्या, आमच्या घरमालकांच्या आई, मूळच्या चिकोडीकडच्या, त्या डोळे बारीक करून म्हणतात, "कन्नड न्हवं ओ हे, मराठीच असंल तुमचं!" त्रिविक्रमला फोन केला, त्याला आकार सांगितले, तो म्हणाला मल्याळम. म्हणजे बघा, प्रत्येकाला ती दुसऱ्याची भाषा वाटत होती! शेवटी आईनं चष्मा लावला, खोका हातात घेतला, उलटा केला आणि तळाशी मुंगीएवढं इंग्रजी होतं ते वाचून दाखवलं... 'फक्त थायलंडमध्ये विक्रीसाठी.' आणि वर्गात बघायची तशी माझ्याकडे बघून म्हणाली, "कागद हातात आला की आधी मागची बाजू बघावी, हे पहिलीतल्या पोरांनासुद्धा सांगत आले मी."

थाई! मल्लेश्वरममध्ये! पण माल ओरिजिनल, हं!

आणि नुसतं दिसण्यापुरतं असतं तर चाललं असतं, पण ती विंडोज प्रश्न विचारते हो! मध्येच 'टण्ण' करते, एक खिडकी पुढं करते, त्यात दोन ओळी थाई आणि खाली दोन बटणं. एक हो, एक नाही. कुठलं कुठलं? आणि मुळात विचारतेय काय? 'सगळं पुसून टाकू का?' असंही विचारत असेल! बोहल्यावर उभं करून मंगलाष्टकं थाईत म्हटल्यासारखी अवस्था! मी एक बटण दाबलं, घड्याळ गेलं. दुसरं दाबलं, आवाज गेला. तिसऱ्या वेळी दाबलं, तर सगळी चित्रं एका कोपऱ्यात जाऊन बसली, घाबरून.

संध्याकाळी बघतो तर तिनं पलंगाखालची बॅग ओढून बाहेर काढलेली, लुगडी घड्या करून भरतेय. मी म्हटलं, आई, दिवाळीला अवकाश आहे अजून. म्हणाली, "असू दे. भरून ठेवलेली बरी. या वयात रोज नवीन अडाणी व्हायचं त्राण नाही रे माझ्यात." ज्या वस्तूनं आईला धरून ठेवायचं, तिनंच बॅग भरायला लावली!

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून खोका घेऊन गेलो जिन्याखालच्या त्या गृहस्थांकडे. म्हटलं, हे थाई आहे! ते म्हणाले, "हां सर, एक्स्पोर्ट." म्हटलं, बदलून द्या! तर त्यांनी शांतपणे माझ्या शर्टाकडे बघितलं, दुमडलेल्या बाह्यांकडे बघितलं आणि विचारलं, "सर, ये शर्ट... वापस किया था क्या?" संपला विषय! अहो, काय तोंड घेऊन भांडणार? वर म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी सर, माल ओरिजिनल है!"

खोका काखेत मारून घरी आलो. मनात एकच, आता सरळ पूर्ण पैसे टाकून इंग्रजी विंडोज आणायची, आणि तोवर आईपुढं हात जोडायचे. जिना चढतोय तर वरून हसण्याचा आवाज! आईचा! वडील गेल्यापासून जे ऐकलं नव्हतं ते! दाराशीच थबकलो. आत कंप्युटरपुढं दोन खुर्च्या, एकीवर आई, दुसरीवर गंगव्वा मांडी घालून.

गंगव्वा विचारतायत, "काय लिवलंय ओ बाई, हितं?"

आई म्हणतेय, "मला नाही येत वाचता."

"मग लेकाला विचारा की, त्यो इंजिनेर हाय न्हवं?"

"त्यालाही नाही येत."

"मग येतंय कुणाला?"

"कुणालाच नाही!" आणि आई थांबली, हो, मी बघितलं ना दारातून, ती एकदम थांबली आणि तिचा चेहराच बदलला. "अहो गंगव्वा, इथं सगळेच अडाणी!"

त्यावर गंगव्वा खो खो हसून, "अय्यो बाई, मी तर समद्यातच अडाणी! मला कन्नड येत न्हाई वाचाय, मराठी न्हाई, कायबी न्हाई. म्हणून काय अडलंय का माझं? बसची पाटी बघायची, शेवटाला भोपळा असला की चढायचं, मल्लेश्वरम आलं!"

"भोपळा?"

"पूज्य ओ, पूज्य! गोल!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी जिन्याच्या खिडकीतून रस्त्यावरची पाटी बघितली. मल्लेश्वरमच्या शेवटी खरंच पूज्य! एवढी वर्षं इथं राहतोय मी! आता शेषाद्रिपुरमच्याही शेवटी पूज्यच असतं, हे आईला मागाहून कळलं, शेषाद्रिपुरमला उतरल्यावर. पण तेव्हा ती रडली नाही. परत आली आणि म्हणाली, "तोंडाकडचं अक्षरही बघायला हवं, नुसत्या शेपटीवर विसंबून चालत नाही." आता ती बनशंकरीच्या देवळात एकटी जाऊन येते, बस बदलून!

आणि तोच डोळा तिनं कंप्युटरला लावला. पत्त्यांचं चित्र तिनं पहिल्या दिवशीच शोधलं, कारण बदामची राणी थायलंडातही बदामचीच राणी. आणि ती दोन बटणं? मी इंजिनिअर, मला उलगडली नव्हती. आई म्हणाली, "आखूड शब्द म्हणजे हो, लांब म्हणजे नाही." म्हटलं, कशावरून? "वर्गात विचारायचे ना मी, गृहपाठ केलास का? केलेला पोरगा म्हणायचा 'हो बाई', खलास. न केलेल्याचं सुरू व्हायचं... 'बाई, काय झालं, आमच्याकडं की नाही, पाहुणे आले होते, त्यांचं बाळ...' होकार आखूडच असतो रे. लांबण लागतं ते नकाराला." तपासून बघितलं. बरोबर! शंभर टक्के बरोबर!

मग काय, गल्लीभर बोभाटा! मधल्या घरातल्या धनलक्ष्मी अक्का आल्या, त्यांच्या जाऊबाई आल्या, दुपारी आमच्या घरात पहिलीचा वर्ग भरतो, आई हातात पट्टी घेऊन, "गंगव्वा, शेपटीवालं नको, टिकलीवालं दाबा!" कन्नड, मराठी, तमीळ, सगळ्या बायका थाईत पत्ते खेळतात! आणि आईला दारात उभं राहून कुणी हाक मारली की, "टीचर, स्वल्प बन्नी!" आणि आई म्हणते, "सरी, बंदे!" म्हणजे बरं, आलेच! कन्नड! माझी आई!

तरी मी मूर्ख. पूर्ण पैसे मोजून इंग्रजी विंडोज आणली आणि घातली. आईनं अर्धा तास बघितलं आणि म्हणाली, "काढ ते." का? "सगळं वाचता येतं म्हणून सगळं वाचतच बसावं लागतं. आणि या बायकांना येत नाही ते, मग मी एकटीच शहाणी. मला नको पुन्हा तसं." घातली पुन्हा थाई. इंग्रजीची सीडी भार्गवीनं गच्चीवर दोऱ्याला बांधलीय, वाळवणावर कबुतरं येत नाहीत. चकाकते छान. तीही ओरिजिनलच, हं!

दिवाळी होऊन गेली. परवा संध्याकाळी वर्ग सुटल्यावर आई एकटीच खेळत होती. डाव नुकताच सुटला होता, पत्ते उड्या मारून संपले होते आणि पडद्यावर ती खिडकी आली होती, पुन्हा मांडायचा का म्हणून, खाली दोन बटणं. माझं धाडस होईना, पण विचारलं. म्हटलं, आई... बॅग भरून ठेवलीयस... दिवाळी तर झाली... कराडला जायचंय?

तिनं मान वळवली नाही. नुसता माऊस सरकवला. पडद्यावरचा बाण हळूहळू गेला आणि लांब शब्दाच्या बटणावर जाऊन थांबला. दाबलं नाही, हं! दाबलं असतं तर पत्ते बंद झाले असते. नुसता नेऊन ठेवला.

डोळे पुसले आणि म्हटलं, बरं आई, मग मला कधी बसायला मिळणार का या कंप्युटरवर?

बाण होता तिथंच होता.