हिरव्या शाईतली दोन पानं

मोठे नट गेले होते. अंत्यदर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या आणि मागे एक वयस्कर गृहस्थ. दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते.

“मला त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं होतं.”

“ताई, पोत्यानं पत्रं यायची त्यांना. उत्तरं त्यांचा कारकून लिहायचा.”

“माझ्या पत्राचं तसं नव्हतं.”

“सगळ्यांना तसंच वाटतं. चार ओळी लिहायच्या आणि खाली सहीचा शिक्का मारायचा.”

“चार ओळी? चांगली दोन पानं होती, हिरव्या शाईत.”

“हिरव्या?”

“हो. नवरा गेला आणि मी हातपाय गाळून बसले होते. त्या पत्रानं मला उभं केलं.”

“कधीची गोष्ट?”

“वीस वर्षं झाली. तुम्ही काय पोलीस आहात का हो? विश्वास नसेल तर राहू दे.”

“तसं नाही. मग धाकटी झाली का नर्स?”

“झाली की. पण थांबा, धाकटीचं मी तुम्हाला कधी सांगितलं?”

“आत्ताच नाही का म्हणालात?”

बाई माझ्याकडे वळल्या. “म्हणाले का हो मी?”

“म्हणालात,” मी म्हटलं.