अर्ध्या सॉफ्टवेअरची किंमत

पिपलानीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक तरुणी तिच्या काकांशी बोलत होती.

"काका, रक्तपेढीचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी काम अर्धवट टाकून गेली. आता कंपनीला पैसे किती द्यायचे याचं भांडण लवादाकडे आहे, आणि सॉफ्टवेअरची किंमत लवादासाठी मला ठरवायचीय."

"अर्धवट वस्तूची कसली किंमत, शमिका?"

"रक्तपेढीचे साहेबही हेच म्हणाले. बिलं निघत नाहीत, साठा चुकीचा दिसतो, सगळं कबाड आहे म्हणे."

"मग शून्य लिहून टाक."

"लिहिणारच होते. पण एक भाग चालू दिसला. दुर्मिळ रक्तगटाचा दाता कुठे राहतो, ते तो लगेच दाखवतो."

"बरं, मग?"

"मी विचारलं, कबाडच आहे तर आत्ताच बंद करू का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अभी नहीं, बेटा. इथे वॉर्डात एक बाळंतीण आहे. तिच्यासाठी दाता याच्यातच सापडला, अशोका गार्डन भागातून निघालाय."

"वाचली का गं ती?"

"वाचली. दुपारी साहेबांनीच फोन करून सांगितलं. वर म्हणाले, सकाळी मी जे बोललो ते रिपोर्टमध्ये घालू नका."

"कुठलं? कबाडचं की बाळंतिणीचं?"

"ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोन्ही घालणार आहे."