गोळी अन् गव्हाचा कट्टा

हसू नका बे, पण मी एका बैठकीत गव्हाचा अख्खा कट्टा, पुरं पोतं, निवडला. मी! ज्याचा चष्मा फ्रीजमधी सापडते!

खामगावच्या डॉक्टरनं मले एडीएचडी सांगितला अन् ध्यान लागाची गोळी देली. म्हणाले, "सर, तासाभरात असर होईन. तवा काम समोर घेऊन बसा."

शाळेचे पेपर तपासून द्याले दोनच दिवस होते. सकाळी गोळी घेतली, थोड्या वेळानं पेपरचा गठ्ठा आणाले उठलो, तं अंगणात आमची सुनंदा वर्षाचे गहू निवडत बसलेली. म्हणाली, "जरा हे ताट धरा, दूध उतू जाऊन राह्यलं."

ती आत गेली, अन् इकडे गोळी लागली!

मान वर केली तं दुपार कलली होती. कट्टा साफ, खडा नाही. पेपर तसेच. मी घाबरलो, आता ही चिडते. पण सुनंदानं शेजारच्या शोभावहिनीले हाक मारली, "या हो, पाहा! डॉक्टरची गोळी घेतली, अन् पंधरा वर्षांत पह्यल्यांदा यायनं धरलेलं काम पुरं केलं!"

वहिनीनं ताट पाह्यलं, मले पाह्यलं.

"भाऊजी, उद्याची गोळी आमच्या घरी येऊन घ्या. आमचे दोन कट्टे हायेत."