ढाढर भरली की

नारायण : चष्मा राहू दे, आधी ऐक. पाऊस थांबलाय, आजवा धरणाचे दरवाजे बंद आहेत. आपल्या समा भागात पुराचं पाणी येत नाही. तू रिक्षा कर आणि वासण्याला रसिकाकडे जा.

अहल्या : पाणी येत नाही, तर लेकीकडे कशाला जाऊ?

नारायण : जरा आराम कर. माझ्या खुब्याच्या ऑपरेशनपायी बारा दिवस तुला झोप नाही.

अहल्या : आणि तुमचं कोण बघणार?

नारायण : वरचे कुशलभाई आहेत की.

अहल्या : ते गाडी फ्लायओव्हरवर लावायला गेलेत. अख्खी सोसायटी गेलीय. सगळ्यांना वेड लागलंय का?

नारायण : घाबरट आहेत. भूगोल मी शिकवला की त्यांनी?

अहल्या : तुम्हीच. याच खोलीत तीस वर्षं शिकवण्या घेतल्यात, आणि मी आत पोळ्या लाटत ऐकलंय. आपली विश्वामित्री नदी पावागढावर उगम पावते. शहराच्या अलीकडे तिला सूर्या मिळते. पुढे ती ढाढरला मिळते, आणि ढाढर खंभातच्या आखाताला.

नारायण : पास. आता पिशवी भर.

अहल्या : थांबा. ढाढर कालपासून दुथडी वाहतेय, टीव्हीवर दाखवलं. आज अमास, समुद्राला उधाण. मग आपल्या नदीनं जायचं कुठे, मास्तर?



नारायण : मागे फिरणार. संध्याकाळपर्यंत घरात.

अहल्या : तुम्हाला माहीत होतं.

नारायण : पहाटेपासून. अगं, गेल्या पुरात स्विचबोर्ड बुडाले, पण तेव्हा पाय धड होते. आता जिना चढताना खुबा निखळला तर मी पुन्हा उभा राहायचा नाही. आणि मी इथे पडलोय म्हणून तूही बसून राहशील. रस्ता बंद व्हायच्या आत तू तरी जा. मला भीती वाटतेय.

अहल्या : मला नाही वाटत होय? पण चव्वेचाळीस वर्षांनी खोटं बोलून मला घालवून देत होतात. लाज नाही वाटली?

नारायण : वाटली.

अहल्या : कुशलभाई म्हणाले, 'काकी, चिंता ना करो.' ते आणि त्यांचा मुलगा उत्कर्ष आत्ता येतील. दिवाणाच्या फळीवर झोपवून, माझ्या दोन साड्यांनी बांधून तुम्हाला वर न्यायचं. डॉक्टरांनाही विचारलंय, पाय सरळ ठेवा म्हणाले.

नारायण : दुखलं तर मी ओरडेन.

अहल्या : ओरडा.

नारायण : बरं. चष्मा तेवढा दे आता. सकाळपासून मागतोय.

अहल्या : तो वर आहे. सकाळीच ठेवून आले, तुमच्या गोळ्यांबरोबर.