समुद्राची ओटी

हसू नका, पण समुद्र कधी न बघता मी दिवसभर समुद्राचंच काम करतो. मच्छे गावातल्या ऑफिसात बसून समुद्रतळाचे फोटो बघायचे आणि माणसानं नुकसान केलंय तिथं लाल खूण करायची. जाळी, प्लास्टिक बघून बघून डोळे शिणून जातात. परवा पोवळ्यांवर गुंडाळलेली साडी दिसली. काठ आमच्या वडगावच्या घरातल्या मागावरचा. घरी विचारलं, "आई, मालवणला साडी पाण्यात सोडलीस व्हय?"

"मग? समुद्राची ओटी साडीशिवाय भरायची व्हय रं? तुझ्या आप्पांनी विणलेली शेवटची दिली."

"तिच्याखाली पोवळी मरायला लागल्यात गं."

आई हळूच म्हणाली, "रंग गेलाय का रं?"

"न्हाय."

"जाईल कसा!"

दुसऱ्या दिवशी त्या एका साडीवर लाल खूण करायला मला दुपार झाली.