डायनासोरच्या पंगतीत पाण्यातला पाहुणा

...न्हाई, पन तुमीच सांगा, एखादा भावकीतला न्हाई म्हून त्याला पंगतीतनं उठवायचं का? माझी नात म्हनते, उठवा! सृष्टी वो, पुन्यात असती, पाचवीला. डायनासोरच्या सिनेमाचे समदे भाग तिला तोंडपाठ. त्यात तो पान्यातला मोसासोर न्हाई का, होडीएवढ्या जबड्याचा? तर ही म्हनते, "आजोबा, तो डायनासोर नाहीच मुळी! तो समुद्रातला सरडा! त्याला सिनेमात घेतलंच कशाला?"

आता, तुमाला सांगतो, म्या पस्तीस वर्सं पाटकरी, कॅनॉलचं पानी वाटन्यात जलम गेला, पान्यातल्याची बाजू म्या न्हाई घ्यायची तर कुनी? म्हनलं, "अगं, जावई कुठं भावकीत असतो? पन पैला पाट त्यालाच ना!"

झालं! फोनवर अर्धा तास भांडली! मागनं सूनबाई सविता, "मामा, तिचा होमवर्क राहिलाय..." आन ही, "थांब गं मम्मी!" अर्धा तास, बरं का! न्हाईतर आमचा कल्यान, पोटचा पोरगा... "जेवलात का? गोळी घेतली का? ठेवतो." संपलं! सृष्टीची आजी, आमची राहीबाई, गेल्यापास्नं घरात बोलतंय कोन? फ्रिज घुरघुरतो, त्यालाच व्हय म्हनायचं. लई एकटं वाटतं वो, खोटं कशाला बोलू.

मंग काय, दर रविवारी भांडान! तिनं पुस्तकातलं वाचून दावलं, म्या म्हनलं छापनाऱ्याची चूक. ती म्हनली याला पाय न्हाईत, वल्ही हायेत. म्हनलं, पान्यात पाय घिऊन करतो काय? खरं सांगू? मला पैल्याच आठवड्यात पटलं हुतं! वाचनालयात जाऊन वाचून आल्तो ना! पन व्हय म्हनलं की फोन बंद... म्हून आपलं एकच धरून बसलो, भावकीतला न्हाई म्हून उठवायचं का?

आन एका रविवारी पोरगी रडकुंडीला आली वो! "आजोबा, तुम्ही माझं कधीच ऐकत नाही!" मंग म्हनलं, "न्हाई बाई, तुझंच खरं. उठीव त्याला." केवढी खूश! "यस्स! जिंकले!"... आन ठिवला की फोन! एका मिन्टात!

त्याला तीन रविवार झाले. आपन लावावा तर कल्यान म्हनतो, "बाबा, ती क्लासला गेलीय." जाऊ द्या. परवा वाचलं, ते उडनारे असत्यात ना, पंखवाले, तेबी डायनासोर न्हाईत म्हनं. म्या ठरवलंय, हायेतच म्हनायचं! मरंस्तोवर व्हय म्हनायचं न्हाई... फकस्त, तिनं एकदा इचारलं पायजे.