तात्यांचा इंग्रजी शब्द

आमच्या तात्यांना, म्हणजे वडलांना, इंग्रजीतला एकच शब्द यायचा, तोही माझ्यामुळं. मी मोठ्यानं पाठांतर करायची, त्यातला ‘स्टबर्न’ त्यांनी उचलला. दहावीनंतर मी बारामतीच्या कॉलेजातच जाणार म्हणून अडून बसले, तसे ते थेट कळंबच्या शाळेत माझ्या बाईंकडं गेले.

"पोरगी लई स्टबर्न हाय. समजवा तिला."

बाई म्हणाल्या, "तात्या, अडवायचं असेल तर स्टबर्न म्हणायचं. पाठवायचं असेल तर त्याच पोरीला डिटरमिन्ड म्हणायचं."

घरी आल्यावर तात्या आईला म्हणाले, "पोरगी डिटरमिन्ड हाय. जाऊ दे तिला."

आईनं माझ्याकडनं दोन्ही शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला. मग तात्यांकडं वळली.

"लगीन झाल्यापासनं मला हट्टी म्हणताय. आता मलाबी इंग्रजीतला तो दुसरा शब्दच म्हणा."